3 ऑगस्ट 1997: स्टीव्ह ऑस्टिनची मान

न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला मेडोलँड्सच्या इनडोअर स्टेडियममध्ये त्या रविवारी रात्री डब्ल्यूडब्ल्यूएफ ह्या अमेरिकन कुस्ती कंपनीचा समरस्लॅम हा मोठा कार्यक्रम होता. स्टीव्ह ऑस्टिन विरुद्ध ओवेन हार्ट, इंटरकॉन्टिनेंटल पट्ट्यासाठी. दोघंही कसलेले, आणि पंधराएक मिनिटं सामना झकास चालला होता. मग ओवेनने ऑस्टिनला उलटा उचलला. पाय वर, डोकं खाली, पोटाला पोट, कमरेभोवती दोन्ही हातांचा विळखा. आणि तसाच तो फतकल मारून खाली बसला. ऑस्टिनचं डोकं ओवेनच्या मांड्यांच्या खाली लोंबत होतं. अख्ख्या शरीराचा भार घेऊन ते टाळूवर मॅटला धडकलं.

मानेखालचं सगळं त्या क्षणी बंद पडलं. हात हलेना, पाय हलेना. ऑस्टिनने नंतर अनेकदा सांगितलंय की त्याच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते क्रिस्टोफर रीव्हचं. सुपरमॅनचं काम करणारा हा नट 1995 साली घोड्यावरून पडला आणि मानेपासून खाली कायमचा लुळा झाला. अमेरिकेत तेव्हा ही गोष्ट ताजी होती.

ही चित्रफीत मी खूप वेळा पाहिली आहे. सुरुवातीला मीही ऑस्टिनकडेच बघायचो. आता डोळे ओवेनवर खिळतात. काहीतरी भयंकर झालंय हे त्याला कळलेलं असतं, पण वीसेक हजार लोकांसमोर तो गुडघे टेकून ‘काय झालं रे’ असं विचारू शकत नाही. मग तो रिंगमध्ये फिरतो, प्रेक्षकांना डिवचतो, हात उंचावून कॅनडाच्या नावाने आरोळ्या देतो. बघणाऱ्याला वाटतं हा माजलाय. खरं म्हणजे तो वेळ काढत असतो. समोरच्याच्या बोटांत तरी जीव येतोय का, ह्याची वाट बघत असतो.

हळूहळू जीव येतो, पण पुरता नाही. निकाल ऑस्टिनच्या बाजूने ठरलेला असतो. तो कसाबसा सरपटत पुढे येतो, मागून ओवेनच्या पायांत हात घालतो आणि त्याला ओढून पाडतो. त्या ओढण्यात काहीच जोर नाही, लहान मूल सुटलं असतं. ओवेन आपणहून पडतो आणि पडून राहतो. रेफरी तीन मोजतो. नवा विजेता पट्टा हातात घेऊन, दोन्ही बाजूंनी माणसांच्या आधाराने, पाय फेकत आत जातो.

अंग सोपवण्याचा खेळ

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्यासारख्या मुलांनी डब्ल्यूडब्ल्यूएफ आधी पत्त्यांवर पाहिलं आणि मग केबलवर. उंची, वजन, छाती, रँक हे सगळं तोंडपाठ. आणि प्रत्येक घरात एक काका असायचेच, जे टीव्हीसमोरून जाताना म्हणायचे, ‘अरे, हे सगळं खोटं असतं.’ निकाल ठरलेला असतो, त्यामुळे काकांचं अर्धं बरोबर होतं. पण त्या वाक्यामुळे आम्हाला कित्येक वर्षं एक गोष्ट दिसलीच नाही, ती म्हणजे हे लोक एकमेकांच्या हातात काय देतात.

कोल्हापूरच्या मातीतला पैलवान आपली मान आपणच राखतो. समोरचा मानेवर आला की तो खाली बसेल, हात सोडवेल, अंगाची कमान करेल. तालमीत वर्षानुवर्षं मान घोटवून घेतात ती त्यासाठीच. अमेरिकन व्यावसायिक कुस्तीत नेमकं उलटं घडतं. उचलला जाणारा स्वतः उडी देतो, तोल सांभाळतो, उचलणाऱ्याचं काम सोपं करतो. आणि एकदा उलटा झाला की आपल्या मानेसाठी त्याच्या हाती फारसं काही उरत नाही. जे काही आहे ते उचलणाऱ्याच्या हातात, आणि त्याहून जास्त त्याच्या गुडघ्यांत.

ह्या डावाला टूंबस्टोन पाइलड्रायव्हर म्हणतात. अंडरटेकर ह्या पैलवानामुळे तो जगभर माहीत झाला. अंडरटेकर गुडघ्यांवर यायचा. गुडघ्यांवर आलं की मांड्या उभ्या राहतात, मधे धरलेलं डोकं मॅटच्या थोडं वर राहतं आणि धक्का उचलणाऱ्याचे गुडघे खातात. ओवेन बसला. बसलं की मांड्या आडव्या होतात आणि ती उंचीच नाहीशी होते. डोकं दोन-तीन इंच जरी खाली घसरलेलं असलं तरी आधी तेच टेकणार. खालचा माणूस शंभर किलोच्या पुढचा, वरून दुसऱ्याचं वजन.

ह्या प्रकरणातली एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. पाच वर्षांपूर्वी, सप्टेंबर 1992 मध्ये, ऑस्टिन जपानला गेला होता. मासाहिरो चोनो ह्या मोठ्या जपानी पैलवानाशी त्याचा सामना होता. त्या सामन्यात ऑस्टिनने चोनोला असंच उलटं उचललं आणि असंच बसून मॅटवर आणलं. चोनोची मान दुखावली आणि त्या दुखापतीने पुढे त्याची पाठ सोडली नाही. म्हणजे ह्या डावात काय होऊ शकतं हे ऑस्टिनला बाहेरून ठाऊक होतं. ओवेनला दोष देणाऱ्यांनी, आणि ते आजही पुष्कळ आहेत, चोनोलाही आठवावं. निष्काळजीपणा झालाच, ते मी नाकारत नाही. पण रात्रीमागून रात्री, वेगवेगळ्या गावांत, थकलेल्या अंगाने दोन माणसं हा डाव करत राहिली की कधीतरी एक इंच चुकणारच. चुकला तो इंच कुणाच्या वाट्याला येईल, एवढाच प्रश्न उरतो.

मानेत सात मणके असतात. वरच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून निघणाऱ्या नसा श्वासाचा पडदा हलवतात. तिथे मज्जारज्जू तुटला तर हातपाय जातातच, श्वासही यंत्रावर येतो. ऑस्टिनचा तुटला नाही, दबला आणि चेचला गेला, म्हणून संवेदना परतली. अशा माराच्या आधीच किंवा नंतर जर मणक्यांमधली वाट अरुंद झालेली असेल, तर पुढचा साधा धक्कासुद्धा कायमचं अपंगत्व देऊ शकतो. फुटबॉल किंवा रग्बीतल्या खेळाडूला अशा वेळी डॉक्टर बहुधा एकच सल्ला देतात, घरी बस.

घरी का बसला नाही

ह्याचं उत्तर शोधायला त्याआधीची आठ वर्षं बघावी लागतात. टेक्ससमधल्या एडना गावचा मुलगा, कॉलेजात फुटबॉल खेळलेला, मग मालधक्क्यावर खोकी उचलणारा. डॅलसच्या स्पोर्टाटोरियममध्ये ख्रिस ॲडम्सकडे शिकून 1989 मध्ये रिंगमध्ये उतरला. 1991 ला डब्ल्यूसीडब्ल्यू ह्या प्रतिस्पर्धी कंपनीत. तिथे रिकी स्टीमबोटसारख्या उस्तादाशी त्याचे सामने बघा. पकड, उलटपकड, सांधा मोडणं, वेळेचं भान. हा माणूस तंत्राचा पैलवान होता, हे आज बऱ्याच जणांना माहीतच नाही. 1995 मध्ये दंडाच्या दुखापतीने घरी बसलेला असताना डब्ल्यूसीडब्ल्यूने त्याला काढून टाकलं. जखमी पैलवान कंपनीला किती लवकर नकोसा होतो, हा धडा त्याने तिथेच घेतला असणार असं मला वाटतं.

डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये 1996 च्या जानेवारीत आला तो ‘रिंगमास्टर’ ह्या बेचव नावाने. 23 जून 1996 ला मिल्वॉकीत ‘किंग ऑफ द रिंग’ जिंकला. हरलेला जेक रॉबर्ट्स तेव्हा बायबलचे दाखले देत फिरायचा, म्हणून ऑस्टिनने सिंहासनावरून स्वतःचंच वचन काढलं: ऑस्टिन 3:16. दुसऱ्या दिवशीपासून प्रेक्षकांत फलक दिसू लागले. 23 मार्च 1997 ला रेसलमेनिया 13 मध्ये ब्रेट हार्टच्या पकडीत रक्ताने माखलेला चेहरा घेऊन तो बेशुद्ध पडला, पण हार मानली नाही. खलनायक म्हणून आत आलेला माणूस त्या रात्री नायक होऊन बाहेर पडला.

आणि चार महिन्यांनी, ब्रेटच्याच धाकट्या भावाच्या हातून, हे.

वय बत्तीस. आयुष्यभर वाट पाहिलेलं शिखर हाताच्या अंतरावर. ह्या धंद्यात पैलवान कंपनीचा पगारी नोकर नसतो, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतो. त्यांची कामगार संघटना नाही. रिंगमध्ये दिसला नाही तर लोक विसरतात, आणि लोक विसरले की सगळं संपलं. तो परत येणार हे उघड होतं. मला राग येतो तो ह्याचा, की त्या अवस्थेत ‘थांब’ म्हणण्यात ज्याचा फायदा आहे असं त्याच्या आसपास कुणीच नव्हतं. टीव्हीच्या प्रेक्षकसंख्येत कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूकडून दर सोमवारी मार खात होती आणि तिचा सगळ्यात तापलेला माणूस हाच होता.

अठ्ठ्याण्णव दिवस

3 ऑगस्ट ते 9 नोव्हेंबर. ह्या 98 दिवसांत ऑस्टिन एकही सामना लढला नाही, आणि ह्याच दिवसांत तो अमेरिकेतला सगळ्यात मोठा पैलवान झाला. ह्या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याला पट्टा सोडावा लागला. डॉक्टरांची परवानगी नाही हे खरं कारण होतं, आणि तेच कथानकात घेतलं. व्हिन्स मॅकमॅन, जो तोवर पडद्यावर बहुतांशी समालोचक म्हणूनच दिसायचा, मालकाच्या भूमिकेत पुढे आला: तुझ्या भल्यासाठी सांगतोय, लढू नकोस, नियमात राहा. ऑस्टिन चिडत गेला. समालोचक जिम रॉस, कंपनीचे अधिकारी, कुणालाच सोडलं नाही. 22 सप्टेंबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये समजुतीने बोलत असलेल्या मॅकमॅनलाच त्याने पहिल्यांदा आपला हुकमी डाव, स्टनर, दिला. पोलिसांनी बेड्या घालून नेला, तरी गार्डन डोक्यावर घेतलं होतं लोकांनी.

मालकाला झोडपणारा नोकर ही कल्पना पुढची चार वर्षं कंपनीला पोसत राहिली. ती एका मोडक्या मानेतून निघाली. मान शाबूत असती तर ऑस्टिन त्या उन्हाळ्यात पट्टा घेऊन सामन्यामागून सामने लढला असता, चांगलेच लढला असता, आणि मालकाशी त्याचं भांडण एवढं धारदार झालं नसतं. लढायची बंदी खरी होती, म्हणून त्याची चीड लोकांना खरी वाटली.

पण ह्याच दिवसांतली एक गोष्ट मला खटकते. ओवेनला एक टीशर्ट घालून टीव्हीवर उभं केलं गेलं. छातीवर ‘ओवेन 3:16’, आणि पाठोपाठ ‘मी नुकतीच तुझी मान मोडली’ अशा अर्थाचे शब्द. ओवेन स्वभावाने मवाळ, घरकोंबडा आणि मस्करीखोर म्हणून सगळ्यांचा लाडका होता. त्या रात्री रिंगमध्ये वेळ काढत फिरणारा त्याचा चेहरा ज्याने पाहिलाय, त्याला तो टीशर्ट बघवत नाही.

9 नोव्हेंबरला मॉन्ट्रियलमध्ये ऑस्टिन परतला. समोर ओवेनच. चार मिनिटांत स्टनर, खेळ खलास. त्याच रात्री ब्रेट हार्टला न सांगता त्याच्या सामन्याचा निकाल फिरवून त्याची फसवणूक झाली, त्यामुळे हा सामना इतिहासात झाकला गेला. पण नीट बघा, ऑस्टिन पाठीवर किती कमी वेळा पडतो ते.

बदललेली कुस्ती

ह्यानंतरचा ऑस्टिन वेगळाच पैलवान आहे. पकडी गेल्या, उंच उचलणं गेलं. उरलं ते गुद्दे, लाथा, कोपऱ्यात पाडून तुडवणं, अंगावर झेप घेऊन बुक्क्या, आणि रिंगबाहेर, प्रेक्षकांत, पार्किंगमध्ये मारामारी. दोन्ही गुडघ्यांना ब्रेस. समीक्षक ह्याला ‘हाणामारीची शैली’ म्हणतात आणि पुढे जातात. मला त्यात एका तंत्रकुशल माणसाने जखमी शरीराचा मांडलेला हिशेब दिसतो. कुठे पडायचं नाही, कुठे आवाज जास्त आणि इजा कमी, कुठे नुसत्या चालण्याने स्टेडियम पेटतं. त्याच्या प्रवेशाच्या संगीतातला काच फुटल्याचा आवाज झाला की तो चार कोपऱ्यांवर चढून हात वर करायचा. मानेला ह्यात काही धोका नव्हता, आणि लोक त्यासाठीच यायचे.

29 मार्च 1998 ला बॉस्टनमध्ये शॉन मायकल्सला हरवून तो विश्वविजेता झाला. तिथेही गंमत नाही, व्यथाच आहे: मायकल्सच्या पाठीचा मणका आधीच गेलेला, तो त्या सामन्यानंतर चार वर्षं परतला नाही. मणक्याने अधू झालेले दोन पुरुष, आणि धंद्याचा सगळ्यात मोठा क्षण. पंधरा दिवसांनी, 13 एप्रिलला, ऑस्टिन विरुद्ध खुद्द मॅकमॅन असा सामना जाहीर झाला आणि सोमवारच्या रात्री डब्ल्यूसीडब्ल्यूला कंपनीने मागे टाकलं. त्याआधी 83 आठवडे सलग ती हरत होती.

पुढची दृश्यं सगळ्यांना आठवतात. बर्फ साफ करणाऱ्या झांबोनी गाडीवरून आलेला ऑस्टिन, मॅकमॅनच्या कॉर्व्हेटमध्ये ओतलेलं सिमेंट, मार्च 1999 मध्ये ऑल्बनीला बिअरचा ट्रक आणि पाइपातून उडालेले फवारे. ह्यातल्या एकाही प्रसंगात त्याला पाठीवर पडावं लागत नाही.

मात्र एक जागा हिशेबात बसली नाही. स्टनर हा त्याचा स्वतःचा डाव. समोरच्याची हनुवटी आपल्या खांद्यावर घ्यायची आणि खाली बसायचं. प्रत्येक वेळी ऑस्टिन माकडहाडावर आदळायचा, आणि तो हादरा मणक्यातून वर मानेकडे जायचा. लोकांना हवा होता तो हाच डाव, प्रत्येक गावात, प्रत्येक रात्री, कधीकधी चार-पाच वेळा.

23 मे 1999 ला कॅन्सस सिटीच्या केम्पर अरेनात छतावरून दोरीने उतरताना ओवेन हार्ट खाली कोसळला आणि गेला. चौतीस वर्षांचा होता. दुसऱ्या रात्रीच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात शेवटी ऑस्टिन रिंगमध्ये आला, पडद्यावरच्या ओवेनकडे बघून बिअरचा कॅन उंचावला. दोघांमध्ये त्या मानेवरून जे काही बोलायचं राहिलं असेल ते तसंच राहिलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत मानेने पुरतं सतावलं. 14 नोव्हेंबरला डेट्रॉइटमध्ये त्याला गाडीने उडवल्याचं कथानक रचलं, ते त्याला गायब करण्यासाठी. जानेवारी 2000 मध्ये सॅन अँटोनियोत न्यूरोसर्जन लॉइड यंगब्लड ह्यांनी तिसरा आणि चौथा मणका जोडून टाकला. असे मणके जोडले की तिथली हालचाल कायमची जाते आणि ती वरच्या-खालच्या मणक्यांना करावी लागते, म्हणजे त्यांची झीज वाढते. सप्टेंबरमध्ये तो परत उभा राहिला. 2001 हे वर्ष कुस्तीच्या दृष्टीने त्याच्या सर्वोत्तम वर्षांपैकी एक, असं मी ठामपणे म्हणेन, आणि त्या वर्षी तो स्वतःला जरा जास्तच झोकून देत होता असंही म्हणेन. ह्याच सुमारास कंपनीत पाइलड्रायव्हर जवळजवळ बंद झाला. अंडरटेकर आणि केन सोडून कुणाला मुभा राहिली नाही.

30 मार्च 2003, सिॲटल. रेसलमेनिया 19, समोर द रॉक. आदल्या दिवशी ऑस्टिन हॉस्पिटलात होता, हृदयाचे ठोके आवाक्याबाहेर गेले होते. तरी उतरला. रॉकला आपला रॉक बॉटम हा डाव तीन वेळा मारावा लागला तेव्हा ऑस्टिन हरला. सामना संपल्यावर रॉक त्याच्याजवळ वाकून काहीतरी बोलतो. हा शेवट आहे हे प्रेक्षकांना सांगितलेलं नव्हतं. वय अडतीस. मेडोलँड्सच्या त्या रात्रीपासून पाच वर्षं आणि आठ महिने.

तो 19 वर्षं लढला नाही. 2 एप्रिल 2022 ला टेक्ससमध्ये, जिथे शिकला त्या डॅलसच्या जवळच, आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये तो पुन्हा उतरला. वय 57. रिंगबाहेरच्या सिमेंटवर त्याला उचलून पाठीवर टाकलं तेव्हा मी घरात उठून उभा राहिलो होतो. तो उठला, लढला, स्टनरने जिंकला आणि बिअर प्यायला.

समोरचा पैलवान होता कॅनडाचा केव्हिन ओवेन्स. त्याने आपल्या मुलाचं नाव ओवेन हार्टवरून ओवेन ठेवलंय, आणि रिंगमधलं आडनाव त्या मुलावरून घेतलंय. स्टनर हा डावही तो ऑस्टिनच्या संमतीने वापरतो. एप्रिल 2025 मध्ये, रेसलमेनियाला दोनेक आठवडे उरले असताना, ओवेन्स रिंगमध्ये आला आणि आपल्याला लढता येणार नाही असं त्याने लोकांना सांगितलं. मानेचं ऑपरेशन करावं लागणार होतं.